काळाघोडा, बावीस फूट

सकाळी उठल्याबरोबर इथे लोक
देवाच्या आधी नदीची उंची विचारतात.
काळाघोड्याच्या पुलापाशी विश्वामित्री
काल रात्री अठरा होती, आत्ता बावीस फूट,
आणि आजव्याचे दरवाजे उघडणार म्हणतात.
मी दोरीवरचा युनिफॉर्म चाचपते.
चौथा दिवस. बाही अजून गार,
कॉलरला कुबट वास.

"बारी वास गं!" खालून विमलमावशी ओरडतात,
"वाछट येते!"
चार पिढ्या बडोद्यात मुरलेलं त्यांचं मराठी.
पहिल्या महिन्यात मला वाटलं, कसला तरी वास येतोय,
मी खिडकीशी उभी राहून हुंगत बसले.
बारी म्हणजे खिडकी. वासणं म्हणजे लावून घेणं.
आमच्याकडे आ वासतात, म्हणजे उघडतात.
इथे वासलं की बंद.
आणि वाछटीला आमच्यात काय म्हणतात
ते आईला फोनवर विचारलं, तर
तीही जरा वेळ गप्प झाली.

सेंटरवर माझं काम पाणी काढायचं.
रमणिककाका काट्यावर उभे राहतात:
मागच्या खेपेहून दोन किलो आठशे जास्त.
काय प्यालात? काही नाही बेन, थोडी छास.
मी मशीनला आकडा देते. चार तासांत
तेवढं पाणी त्यांच्या रक्तातून मोरीत,
मोरीतून गटारात,
पुढे बहुधा विश्वामित्रीतच.

परवा ते ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आले,
चपला पिशवीत, फाइल डोक्यावर.
म्हणाले, पार्किंगमध्ये मगर बसलीय,
वॉचमनच्या खुर्चीखाली,
आणि वॉचमन टाकीवर.
सगळा वॉर्ड हसला.
मग हळूच त्यांनी बर्फ मागितला, चोखायला, एवढासा.
बाहेर गुडघाभर पाणी
आणि त्यांचे ओठ भेगाळलेले.
तसले ओठ मला ओळखीचे आहेत.
मी अर्धा खडा दिला. नोंद केली नाही.

आमच्या नदीत शनिवारी शेळ्यांचा बाजार भरतो.
भावाच्या लग्नाची पंगत तिच्याच पात्रात बसली होती,
मधोमध, वाळूवर.
पुलाखाली सावली असते, तिथे पत्ते चालतात.
हा पूल कशाला बांधलाय, असं मी लहानपणी विचारायचे
आणि मास्तरांना सांगता यायचं नाही.

मला कोरड्याची आठवण येते.
उन्हात कडक झालेल्या गोधडीची,
अंगणात पाय टेकवून झटकन उचलायच्या दुपारची,
हाताला लागताच मोडणाऱ्या पापडाची.
हे कुणाला सांगू?
पाण्याला कंटाळले, असं म्हणायची
आमच्यात रीत नाही.

"कौशे, पाऊस हाय का तिकडं?"
हाय की, थोडा.
बावीस फूट मी सांगत नाही.
"तुमच्याकडं?"
"आला की मघाशी. भुरभुर."
मागे वाऱ्याने पत्रा वाजतोय.
कोरडा पत्रा वेगळा वाजतो, हे आईला माहीत आहे,
मला माहीत आहे हेही.
टँकर कवा आला, मी विचारत नाही.

मग तीच म्हणते, "जरा ऐकव की."
मी हात खिडकीबाहेर काढते, फोनसकट,
कोपरापर्यंत भिजते.
पलीकडे किती वेळ काहीच नाही.
मला वाटतं रेंज गेली.
मग आई हसते. खूप दिवसांनी असं,
पदर तोंडाला न लावता.
"अगं, मी फोन मोठा करून कट्ट्यावर ठेवला,
तर तुझा पाऊस ऐकून
शेळी आडोशाला गेली बघ!"

खालून परत हाक येते, बारी वास!

वासते, मावशी.
दोन्ही कवाडं, भिंतीला टेकेपर्यंत,
आमच्याकडे वासतात तशी.